पाचव्या चाकाची निगा : स्टेपनीतील हवेचा दाब

प्रवासास निघण्यापूर्वी चालक इंधन पाहतो, इंजिनातील तेल व पाणी पाहतो, चारही चाकांवरून एकदा नजर फिरवतो आणि वाहन सुरू करतो. पाचवे चाक मात्र या पाहणीतून बहुधा सुटते. डिकीच्या तळाशी, सामानाखाली किंवा वाहनाच्या पाठीवर ते महिनोन् महिने पडून असते. ते झिजत नाही, आवाज करीत नाही, तक्रारही करीत नाही. त्यामुळे त्याची आठवण होते ती दुसरे एखादे चाक पंक्चर झाल्यावरच. नेमक्या त्याच वेळी त्यात हवा नाही असे आढळून येते.

कल्पना करावी की, एका दुर्गम भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रातून अडलेल्या बाळंतिणीला रात्री ग्रामीण रुग्णालयात न्यावयाचे आहे. अंतर चाळीस किलोमीटर, वाट घाटाची. मध्यावर एक चाक बसते. चालक अनुभवी आहे, जॅक आणि पाना जागेवर आहेत, दहा-पंधरा मिनिटांत चाक बदलून होते. जॅक खाली घेताच बदललेले चाकही जमिनीवर चपटे होते. स्टेपनीत जेमतेम आठ-दहा पौंड हवा उरलेली असते. आता ना पुढे जाता येते ना मागे. त्या बाळंतिणीच्या दृष्टीने वाहनात स्टेपनी असणे आणि नसणे यांत काहीही फरक राहत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर विहीर खणलेली असूनही तिच्यात पाणी आहे की नाही हे कोणी पाहिलेले नसते.

ही आपत्ती टाळण्यास लागणारा खर्च जवळजवळ शून्य आहे. महिन्यातून पाच मिनिटांचा वेळ आणि एक साधा दाबमापक एवढ्यावर काम भागते. तरीही हे काम होत नाही, कारण त्याची आवश्यकता का आहे, हे पुरेसे समजलेले नसते.

स्टेपनी हे नाव कोठून आले?

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तंत्रज्ञाने १८४५ साली पेटंट घेऊन मांडली होती. परंतु ती व्यवहारात आली नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तिचा पुन्हा शोध लावला आणि अल्पावधीतच ती सायकलींवर व नंतर मोटारींवर रूढ झाली. त्या काळच्या रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले असत. पंक्चर ही नित्याचीच बाब होती आणि प्रत्येक वेळी टायर उतरवून, ट्यूब काढून, ठिगळ लावून पुन्हा हवा भरावी लागे.

यावर वेल्समधील लानेली या गावच्या टॉम व वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी १९०४ साली उपाय काढला. हवा भरून तयार ठेवलेला टायर त्यांनी आऱ्या नसलेल्या एका कड्यावर बसवला. चाक पंक्चर झाले की हे कडे त्याच चाकाला बाजूने जखडून टाकावयाचे आणि पुढे निघावयाचे, अशी त्याची योजना होती. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर होते. त्यावरून या चाकास स्टेपनी असे नाव मिळाले. इंग्लंडात हा शब्द पुढे मागे पडला. भारतात मात्र तो इतका रुळला की, तो परका आहे याची आठवणही कोणास होत नाही. ब्राझीलमध्येही सुट्या चाकास याच शब्दापासून झालेल्या नावाने ओळखतात.

या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डेव्हिस बंधूंच्या कल्पनेचे मर्म ‘हवा भरून तयार ठेवलेला टायर’ हेच होते. तयारी नसेल तर स्टेपनी हे केवळ वाहनावरील जादा ओझे ठरते.

भार टायर पेलत नाही, हवा पेलते

टायर रबराचा असतो, आत धाग्यांचे व पोलादी तारांचे थर असतात; म्हणून वाहनाचा भार टायर पेलतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बहुतांश भार पेलते ती आत कोंडलेली हवा. टायरचे काम त्या हवेला आकार देण्याचे आणि रस्त्यावर पकड ठेवण्याचे आहे.

हे एका सोप्या हिशेबाने समजू शकेल. माणसे व सामान धरून एका मोटारीचे वजन १,२०० किलो आहे असे समजू. प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलो, म्हणजे सुमारे ६६० पौंड भार येईल. टायरमधील दाब दर चौरस इंचास ३३ पौंड असेल, तर हा भार पेलण्यास स्थूलमानाने २० चौरस इंच जागा रस्त्याला टेकावी लागेल. ही जागा साधारण एका पोस्टकार्डाएवढी होते. दाब निम्म्यावर आला तर भार तेवढाच राहतो. मग टायर आणखी चपटा होऊन दोन पोस्टकार्डांएवढी जागा टेकवतो. एवढा चपटा होण्यासाठी टायरच्या बाजूच्या भिंती बाहेरच्या अंगास दुमडतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्या दुमडतात आणि सरळ होतात. मिनिटाला शेकडो वेळा ही क्रिया घडते.

लोखंडाची तार वारंवार वाकवली तर ती गरम होते आणि अखेर तुटते, हा अनुभव सर्वांचा आहे. टायरचेही तसेच होते. कमी हवेचा टायर आतून तापतो, रबर आणि तारा यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि वेग अधिक असेल तर टायर फुटतो. शिवाय, एकाच आसाच्या दोन चाकांतील दाब भिन्न असेल, तर वाहन कमी दाबाच्या बाजूस ओढले जाते. ब्रेक दाबताना ही ओढ अधिक जाणवते. म्हणून अर्धवट हवेची स्टेपनी बसवून ‘हळूहळू नेऊ’ असे म्हणणे सुरक्षित नाही. पंक्चर झालेला टायर निदान वाहन थांबवण्यास भाग पाडतो. अर्धवट हवेचा टायर आपण सुस्थितीत असल्याचा भास निर्माण करतो.

द्रुतगती मार्गांमुळे या प्रश्नास नवे महत्त्व आले आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झाला. अशा मार्गावर वाहने तासन् तास अधिक वेगाने धावतात, टायर सतत तापलेले राहतात आणि गावच्या रस्त्याप्रमाणे दर पाच-दहा किलोमीटरवर पंक्चर काढणाऱ्याचे दुकान नसते. तेथे स्टेपनी हाच पहिला व बहुतेक वेळा एकमेव आधार असतो.

न वापरताही हवा कमी का होते?

‘गाडी घेतल्यापासून स्टेपनीला हात लावलेला नाही, तेव्हा ती नवीच आहे,’ असे अनेकदा ऐकावयास मिळते. हात लावलेला नाही, याचाच अर्थ तिच्यात हवा कमी असण्याचा संभव अधिक.

रबर डोळ्यांना अखंड दिसले, तरी वायूचे रेणू त्यातून अत्यंत मंद गतीने बाहेर झिरपत असतात. ही गळती रोखण्यासाठी ट्यूबलेस टायरच्या आतील बाजूस ब्यूटिल जातीच्या रबराचे अस्तर देतात. ट्यूबही त्याच जातीच्या रबराची करतात. त्यामुळे गळती पुष्कळच घटते, परंतु थांबत नाही. सुस्थितीतील टायरमधूनही महिन्याला साधारण एक ते दोन पौंड हवा कमी होते. व्हॉल्व्हच्या आतील पिनेवर धूळ बसलेली असेल, रिमच्या कडेला गंज चढलेला असेल किंवा व्हॉल्व्हचे रबर चिरले असेल, तर हे प्रमाण वाढते.

महिन्याला एकच पौंड धरला, तरी ३३ पौंडांवर भरलेल्या स्टेपनीत वर्षअखेर एकवीस-बावीस पौंड हवा राहील. दाब उतरत जातो तसा गळतीचा वेगही काहीसा मंदावतो, हे खरे. तथापि दोन-तीन वर्षे कोणी पाहिलेच नाही, तर ती स्टेपनी निरुपयोगी झालेली असते. रस्त्यावरील चार चाकांत सर्व्हिसिंगच्या वेळी किंवा पेट्रोल पंपावर अधूनमधून हवा भरली जाते. त्यांची गळती भरून निघते, पाचव्याची निघत नाही. फरक एवढाच आहे.

तपमानाचाही परिणाम होतो. कोंडलेली हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. मोटारीच्या टायरबाबत दर दहा अंश सेल्सियसला हा फरक साधारण दीड पौंडाचा असतो. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ४३ अंश तपमानात ३३ पौंडांवर भरलेली स्टेपनी जानेवारीतील पहाटे १० अंश तपमानात मोजली, तर हवेचा एक रेणूही बाहेर गेलेला नसताना दाब सुमारे २८ पौंड भरेल. म्हणून ऋतू बदलताना, विशेषतः थंडीच्या आरंभी, हवा तपासणे अगत्याचे ठरते.

डोळ्यांना न दिसणारी उणीव

रस्त्यावरील चाकात हवा फारच कमी असेल, तर भाराखाली ते बसलेले दिसते. पाहणाऱ्यास शंका येते. स्टेपनीवर मात्र कसलाच भार नसतो. तिच्यात दहा पौंड हवा असो की तेहतीस, तिचा आकार जवळजवळ तसाच राहतो. हाताने दाबून पाहावे, तर टायरच्या भिंती मुळातच इतक्या ताठ असतात की, दहा पौंडांवरही त्या कडक लागतात. मूठ मारून, पायाने ठोकर देऊन किंवा अंगठ्याने दाबून हवा ‘बरोबर आहे’ असे ठरवण्याची पद्धत जुनी आहे. स्कूटरच्या मागे लटकवलेली स्टेपनी अंगठ्याने दाबून पाहणारे गृहस्थ एके काळी घरोघरी होते. परंतु त्या चाचणीवरून हवा अजिबात नाही एवढेच कळू शकते. ती पुरेशी आहे की नाही, हे कळत नाही.

नव्या मोटारींत टायरमधील दाबावर लक्ष ठेवणारी विद्युत यंत्रणा असते. हवा ठरावीक मर्यादेखाली गेली की चालकापुढील फलकावर दिवा लागतो. ही सोय उपयुक्त आहे. मात्र बहुसंख्य मोटारींत ती रस्त्यावरील चार चाकांपुरतीच असते. दिवा लागलेला नाही म्हणून पाचही चाके ठीक आहेत, असे अनुमान काढणे चूक होय. स्टेपनीच्या बाबतीत दाबमापकावाचून दुसरा विश्वासार्ह मार्ग नाही.

किती दाब ठेवावा?

प्रत्येक वाहनासाठी निर्मात्याने दाब ठरवून दिलेला असतो. चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस किंवा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत त्याचा तक्ता आढळतो. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा दाखवतो. तो त्या वाहनासाठी योग्य दाब नव्हे. या दोहोंत गल्लत होऊ नये.

एककांबाबतही काळजी घ्यावी. व्यवहारात आपण ‘पौंड’ म्हणतो तो दर चौरस इंचास पौंड असा असतो. तक्त्यावर किलोपास्कल किंवा बार ही एककेही दिलेली असतात. २३० किलोपास्कल, २.३ बार आणि सुमारे ३३ पौंड हे तिन्ही एकच होत.

पुष्कळ वाहनांत पुढील व मागील चाकांसाठी तसेच कमी व पूर्ण भारासाठी निरनिराळे दाब सांगितलेले असतात. स्टेपनी यांपैकी कोणत्या चाकाच्या जागी जाईल, हे आधी ठाऊक नसते. म्हणून तक्त्यातील सर्वांत अधिक दाब स्टेपनीत ठेवावा. त्याहून दोन-तीन पौंड जादा ठेवले तरी चालतात, मात्र टायरवर कोरलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. यामागील तर्क सरळ आहे. रस्त्याच्या कडेला हवा सोडून दाब कमी करता येतो. पंप जवळ नसेल तर वाढवता येत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत होणारी नैसर्गिक घटही या जादा हवेतून भरून निघते.

काही मोटारींबरोबर नेहमीच्या चाकाहून अरुंद, केवळ तात्पुरत्या वापरासाठीची स्टेपनी मिळते. तिचा दाब निराळा असतो. अरुंद, लहान टायरने तेवढाच भार पेलावयाचा असल्याने अशा अनेक स्टेपन्यांत ६० पौंड, म्हणजे ४.२ बार दाब ठेवावा लागतो. इतर चार चाकांप्रमाणे हिच्यातही ३३ पौंडच भरले, तर ती जवळजवळ अर्धीच भरलेली राहील. तिच्या भिंतीवर दाब कोरलेला असतो आणि ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने वाहन चालवू नये, अशी सूचना असते. ही दोन्ही बंधने पाळावीत व मूळ चाक दुरुस्त होताच ते परत बसवावे. पूर्ण आकाराहून एखादा अंक लहान असलेल्या स्टेपनीबाबतही माहितीपुस्तिकेतील सूचनाच प्रमाण मानावी.

दाब मोजण्याची रीत

टायरमधील हवा धावल्यामुळे तापते व दाब वाढतो; यास्तव रस्त्यावरील चाकांचा दाब वाहन किमान तीन तास उभे असताना मोजावा, असे सांगतात. स्टेपनीस ही अडचण नाही. ती धावलेली नसल्यामुळे केव्हाही मोजता येते. अपवाद एवढाच की, वाहनाच्या पाठीवर उघड्यावर लावलेली स्टेपनी दुपारच्या उन्हात तापलेली असते. ती सकाळी किंवा सावलीत मोजावी.

व्हॉल्व्हचे टोपण काढून दाबमापकाचे तोंड त्यावर सरळ व घट्ट दाबावे. सूंऽ असा आवाज येत राहिला तर माप चुकीचे आहे असे समजून पुन्हा मोजावे. दोनदा मोजून दोन्ही आकडे जुळले म्हणजे खात्री पटते. हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडावा. बुडबुडा फुगू लागला तर आतील पीन हवा धरत नाही, असे ओळखावे. ही पीन अगदी स्वल्प किमतीत बदलून मिळते. अखेरीस टोपण न विसरता लावावे, कारण धूळ, चिखल व पाणी यांपासून पिनेचे रक्षण तेच करते.

पेट्रोल पंपावर हवा विनामूल्य मिळते. अडचण असते ती स्टेपनीपर्यंत पोचण्याची. डिकीतील सामान काढावे लागते. सीएनजीची टाकी बसवलेल्या मोटारींत तर जागाच अपुरी असते. यावर साधा उपाय असा की, स्टेपनी ठेवतानाच तिचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूस व हाताला येईल असा ठेवावा. म्हणजे चाक बाहेर न काढता हवा मोजता व भरता येते.

ज्या वाहनांत स्टेपनी सांगाड्याखाली टांगलेली असते, तेथे अधिक दक्षता हवी. चिखल, खडी आणि पावसाळी पाणी यांमुळे तिला धरून ठेवणारी साखळी किंवा तार गंजते आणि ऐन वेळी स्टेपनी खालीच उतरत नाही. कोकणातील दमट व खाऱ्या हवेत हा त्रास विशेष संभवतो. अशा वाहनांत दर तीन महिन्यांनी स्टेपनी प्रत्यक्ष उतरवून पाहावी, तार व कप्पीस तेल-ग्रीस द्यावे आणि मगच ती पुन्हा वर घ्यावी.

नायट्रोजन भरला असता तपासणीची गरज राहत नाही, असाही एक समज आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन रबरातून काहीसा सावकाश झिरपतो, हे खरे असले तरी व्हॉल्व्हमधील व रिमच्या कडेची गळती त्याने थांबत नाही. तपासणीला तो पर्याय नाही.

टायरचे वय

हवेइतकेच महत्त्व टायरच्या वयास आहे. न वापरलेल्या टायरवरील नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर काळाबरोबर कडक होत जाते व त्यास बारीक भेगा पडतात. टायरच्या भिंतीवर चार अंकी संख्या कोरलेली असते. तिचे पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ, २२१९ याचा अर्थ २०१९ सालातील बाविसावा आठवडा. टायर सहा वर्षांचा झाल्यावर बदलावा, असा सल्ला अनेक मोटार-निर्माते देतात आणि दहा वर्षांनंतर तर तो नक्षी शिल्लक असली तरी वापरू नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा नियम स्टेपनीसही लागू आहे.

याउलट, झिजलेला टायर ‘स्टेपनीला चालेल’ म्हणून बाजूस ठेवण्याची सवयही घातक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावयास हवी. स्टेपनी रस्त्यावर आली की तीही रस्त्यावरील चाकच होते.

स्टेपनी नसलेली वाहने

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करण्यात आली. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असलेल्या हलक्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती त्यानुसार राहिलेली नाही. अशा मोटारींत टायरमध्ये सोडावयाचा चिकट द्रव व हवा भरण्याचा छोटा विद्युत पंप दिलेला असतो. येथेही पूर्वतयारीचे तत्त्व सुटत नाही. त्या द्रवाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते; ती उलटून गेली का हे पाहावे आणि पंप चालू करून खात्री करावी. खिळ्याने पडलेले छिद्र या द्रवाने बुजते. टायरची भिंत फाटली तर त्याचा उपयोग नाही. म्हणून खडकाळ किंवा वस्तीपासून दूरच्या रस्त्यांवर जाणाऱ्या वाहनांसाठी प्रत्यक्ष चाक जवळ असणे केव्हाही श्रेयस्कर.

चाक बदलल्यानंतरचे काम

चाक बदलताना वाहन रहदारीपासून शक्य तितके दूर, सपाट व टणक जागी उभे करावे. हँडब्रेक ओढून तिरक्या समोरील चाकास दगड लावावेत. मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. द्रुतगती मार्गावर प्रवाशांनी वाहनात न बसता कठड्यापलीकडे उभे राहावे. ट्रक, टँकर व ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरांत दाब पुष्कळ अधिक असतो आणि काहींची रिम दोन-तीन भागांची असते. हवा भरताना ती उसळून जीवघेणे अपघात होतात. हे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते यानंतर. स्टेपनी चाकाच्या जागी गेली आणि पंक्चर झालेले चाक स्टेपनीच्या जागी गेले, म्हणजे काम संपले असे वाटते. वस्तुतः त्या क्षणापासून वाहन स्टेपनीवाचून चालत असते. दिवसपाळीच्या चालकाने पंक्चर काढून घेतले नाही व रात्रपाळीच्या चालकास तसे सांगितलेही नाही, तर दुसऱ्या पंक्चरच्या वेळी त्याच्या हाती सपाट टायर येतो. पंक्चर त्याच दिवशी काढणे आणि वाहन दुसऱ्याच्या स्वाधीन करताना स्टेपनीची स्थिती सांगणे, हा नियम प्रत्येक चालकाने स्वतःस घालून घ्यावा.

कार्यालये, शाळा आणि पंचायती काय करू शकतील?

शासकीय वाहनाची नोंदवही असते. तीत किलोमीटर व इंधन यांची नोंद रोज होते. त्याच नोंदवहीत महिन्यातून एकदा ‘स्टेपनी : दाब, दिनांक, तपासणाऱ्याची सही’ एवढी एक ओळ वाढवली, तर जबाबदारी निश्चित होते. त्यासाठी महिन्याचा पहिला कामाचा दिवस ठरवून घेणे सोयीचे होईल. टायरवरील क्रमांक व निर्मितीचा आठवडाही एकदा लिहून ठेवावा. चांगला टायर बदलून त्या जागी झिजलेला ठेवला गेला, तर तो प्रकार या नोंदीमुळे उघडकीस येतो. स्वतःचा दाबमापक विकत घेण्यास फार खर्च येत नाही, आणि पंपावरील मापकाचा खरेपणाही त्यावरून पडताळता येतो.

ग्रामपंचायती व पंचायत समित्या यांच्याकडील टँकर, घंटागाड्या व रुग्णवाहिका यांच्या देखभालीचा आढावा मासिक सभेत घेतला जातो. त्या आढाव्यात हा प्रश्न विचारणे सदस्यांच्या हाती आहे. वाहन भाड्याने घेताना करारपत्रात सुस्थितीतील स्टेपनी, जॅक व पाना यांचा उल्लेख करता येतो. निवडणुकीच्या कामी अधिग्रहित होणारी वाहने मतदान पथकांस घेऊन दूरच्या केंद्रांवर जातात. तेथेही निघण्यापूर्वी पाचव्या चाकाची तपासणी करणे हिताचे आहे.

शैक्षणिक सहलीस निघताना शिक्षक विद्यार्थ्यांची हजेरी घेतात, प्रथमोपचाराची पेटी पाहतात. त्याच वेळी वाहनचालकास स्टेपनीतील दाब मोजून दाखवण्यास सांगावे. चाळीस-पन्नास मुलांना घेऊन अनोळखी रस्त्यावर रात्र काढण्याची वेळ येण्यापेक्षा निघण्यास दहा मिनिटे उशीर झालेला बरा. विज्ञानाच्या तासाला वायूचा दाब व तपमान यांचा संबंध शिकवताना शाळेच्या आवारातील वाहनाची स्टेपनी हे उत्तम साधन होऊ शकते. दर महिन्यास दाब मोजून त्याचा आलेख काढला, तर झिरपणारी हवा आणि बदलते ऋतू ही दोन्ही त्या रेषेत विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दिसतील. वाहनाची तपासणीही त्या निमित्ताने आपोआप होईल.

सुस्थितीतील वाहनात स्टेपनी वर्षानुवर्षे लागतही नाही. उपयोग न झालेल्या वस्तूची निगा राखणे मनुष्यस्वभावास जड जाते. घरातील अग्निशामक नळकांडे, रुग्णालयातील प्राणवायूचा राखीव सिलिंडर आणि वाहनातील स्टेपनी ही तिन्ही याच वर्गात मोडतात. त्यांची गरज क्वचितच पडते, पण ज्या रात्री पडते त्या रात्री दुसरे काहीही उपयोगी पडत नाही. घाटातील त्या रुग्णवाहिकेचा पुढचा प्रवास महिनाभरापूर्वी कोणी तरी डिकी उघडून दाब मोजला होता की नाही, यावर अवलंबून असतो. आज हा लेख वाचून झाल्यावर आपल्या किंवा कार्यालयाच्या वाहनाची स्टेपनी एकदा मोजून पाहावी. पुष्कळांना तिच्यात हवा भरावी लागेल.